खिलाडूवृत्तीचं सर्टिफिकेट

उल्हास मेश्राम हा माणूस इतका सरळ होता की त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना त्याचा त्रास व्हायचा. स्कोफिल्ड्समधल्या त्यांच्या नव्या वसाहतीत रविवारी सकाळी चिटपाखरू नसलं तरी तो स्टॉपच्या पाटीपाशी गाडी पुरती थांबवायचा, उजवीकडे बघायचा, डावीकडे बघायचा, मग पुन्हा उजवीकडे. शेजारी बसलेली त्याची बायको सरिता म्हणायची, "अहो, कांगारूसुद्धा नाहीये. चला आता." बुद्धजयंतीच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणाला, तो ताटात सगळ्यात लहान तुकडा घ्यायचा, आणि तोही सगळ्यांचं झाल्यावर. ऑफिसात एकदा त्याच्या सख्ख्या मावसभावाचा अर्ज आला, तेव्हा त्याने मुलाखत घेणाऱ्यांतून स्वतःचं नाव काढून घेतलंच, वर मॅनेजरला लिहिलं की हा माझा नातेवाईक आहे, तेव्हा जरा कडकच तपासा. त्यांनी कडक तपासलं. भावाला नोकरी मिळाली नाही आणि तो पुढे चार वर्षं उल्हासशी बोलला नाही.

हे असं का, ते त्याच्या मुलीला कधी कळलं नव्हतं, कारण त्याने ते कधी सांगितलंच नव्हतं. नागपुरात त्याचे वडील, दीनानाथ, पोस्टात सॉर्टर होते. पोराला त्यांनी एकच गोष्ट बजावून ठेवली होती: "कोणाला बोट दाखवायला जागा ठेवू नको. आपल्या माणसाला लोक दोनदा तपासतात." उल्हासने जागा ठेवली नाही. बारावीला त्याचे मार्क असे होते की कुठल्याही यादीतून इंजिनिअरिंगला लागला असता. पण कॉलेजच्या पहिल्याच दिवशी नोटीस बोर्डापाशी मागून कुणीतरी म्हणालं, "यांचं काय बाप्पा, सरकारचे जावई." मागे वळून बघेपर्यंत बोलणारा गर्दीत मिसळला होता. उल्हासला तो चेहरा शेवटपर्यंत दिसला नाही, आणि म्हणूनच बहुधा पुढची तीस वर्षं तो त्या आवाजाला उत्तर देत राहिला. विद्यापीठात तिसरा आला, सिडनीत रेल्वेच्या सिग्नलचं सॉफ्टवेअर करायला लागला, टूनगॅबीतल्या भाड्याच्या युनिटमधून स्कोफिल्ड्सच्या स्वतःच्या घरात आला. तरी मागून कुणी काही म्हणेल, ही धाकधूक गेली नाही.

त्याची मुलगी नीरजा मात्र अशी कुणाला उत्तर देण्याच्या भानगडीत पडणारी नव्हती. टूनगॅबीला असताना, ती आठ वर्षांची असेल, शेजारच्या मैदानावर मुलांच्या टीमला एक खेळाडू कमी पडत होता. ती उठली आणि फ्रॉकवरच फील्डिंगला जाऊन उभी राहिली. पुढच्या आठवड्यात तिचं नाव टीमच्या यादीत होतं. मुलांच्या विभागातून आणलेली पांढरी पॅन्ट तिला ढगळ व्हायची, म्हणून सरिताने कमरेला इलॅस्टिक घालून दिलं. चार वर्षं ती मुलांबरोबर खेळली. आधी नवव्या नंबरवर यायची, मग सातव्या, मग सलामीला. उल्हास दर शनिवारी स्कोअर लिहायचा आणि आपल्या मुलीच्या नावापुढची धाव लिहिताना दोनदा खात्री करून घ्यायचा. ती चुकून जास्त लागू नये म्हणून.

ती चौदा वर्षांची असतानाचा एक प्रसंग तो पुढे सहा महिने भेटेल त्याला सांगत सुटला होता. बॉल कीपरच्या हातात गेला, अपील झालं, पंचाने मान हलवून नाही म्हटलं, आणि नीरजा ग्लोव्हज काढत चालायला लागली. पंच बुचकळ्यात पडला. घरी येताना गाडीत उल्हासने विचारलं, "काऊन गं? त्यांनी नॉट आऊट दिलं होतं ना?"

"कड लागली होती, पप्पा. यू फील इट इन युअर हँड्स."

"इतकं कळतं?"

"हाताला कळतं ना," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. उल्हासला मात्र गाडी चालवताना डोळे पुसावे लागले.

सतराव्या वर्षी ती मोठ्या बायकांच्या क्लबात पहिल्या संघात खेळायला लागली. सोबतच्या बायकांत एक शिक्षिका होती, एक प्लंबर होती, एक दोन मुलांची आई होती. नीरजाचं स्वप्न साधं होतं, तिने ते लपवलंही नव्हतं. राज्याच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात जायचं, तिथून करार मिळवायचा, आणि नोकरी म्हणून क्रिकेट खेळायचं. "जॉब, पप्पा. रिअल जॉब," ती म्हणायची, आणि सरिता पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "आधी एचएससी."

एचएससी झाली ती कोविडच्या वर्षात. ऑनलाइन वर्ग, मास्क, परीक्षेच्या हॉलमध्ये लांब लांब बाकं. त्या हिवाळ्यात सगळे घरी अडकलेले असताना उल्हासने पंचगिरीचा ऑनलाइन कोर्स केला आणि शंभरात चौऱ्याण्णव मिळवले. राहिलेले सहा कुठे गेले याचाही त्याने ईमेल पाठवून तपास केला.

उन्हाळ्यात खेळ सुरू झाला, पण विचित्र तऱ्हेने. बॉलला थुंकी लावायची नाही. पंचाने खेळाडूची टोपी हातात घ्यायची नाही. चहाचे डबे एकमेकींत वाटायचे नाहीत, त्यामुळे सरिताचे तर्री पोहे, ज्यांच्यासाठी समोरच्या टीमच्या बायकासुद्धा वाट बघायच्या, घरीच राहिले. प्रत्येक घरातून एकाच माणसाला मैदानावर परवानगी होती, म्हणून क्लबच्या सेक्रेटरीने गोलंदाजाच्या मागच्या बाजूला तिवईवर फोन लावला आणि सामने लाइव्ह दाखवायला सुरुवात केली. दीनानाथ आजोबा नागपुरात पहाटे साडेचारला उठून चहा करून ते बघायला बसायचे.

राज्याच्या संघासाठी त्या वर्षी एकच निवड सामना ठेवला गेला. एरवी चार असायचे. नीरजाचं ते शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वर्षी वय उलटणार होतं. जानेवारीतला रविवार होता, मैदान क्लबचंच, त्यामुळे सेक्रेटरीचा फोन इथेही तिवईवर लागला. नॉर्दर्न बीचेसच्या बाजूला लॉकडाऊन लागला होता, आणि नेमलेल्या दोन पंचांपैकी एकजण नेमका तिकडचा. तो येऊ शकत नव्हता. सामन्याच्या मॅनेजरने कुंपणापाशी उभ्या असलेल्या आईबापांना विचारलं, कोर्स कुणी केलाय? एकाच माणसाने केला होता.

"माझी मुलगी खेळतेय," उल्हास म्हणाला. "दुसरं कुणी बघा."

"नो वरीज, मेट. वी ट्रस्ट यू," मॅनेजर म्हणाला, आणि त्याच्या हातात पांढरी हॅट दिली.

नीरजा त्या दिवशी जशी खेळली तशी ती कधीच खेळली नव्हती. एकतीसपर्यंत एकही बॉल हवेत गेला नाही. कव्हरमधून गेलेले दोन चौकार तर असे की समोरच्या टीमच्या मुलीही हळूच टाळ्या वाजवून गेल्या. दोरीच्या पलीकडे निवड करणारी बाई वहीत लिहीत होती. उल्हास चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही अशा निश्चयाने दगडासारखा उभा होता.

मग एक बॉल तिच्या पॅडवर बसला. पायचीतचं अपील. बॉल लेग स्टंपच्या बाहेर पडला होता, पोरसवदा पंचालाही कळलं असतं. उल्हासने नाही म्हटलं. षटकात दोन चेंडू उरले होते. तेवढ्यात कुंपणापाशी घडीच्या खुर्चीत बसलेला एक माणूस शेजाऱ्याला म्हणाला, फार मोठ्यानेही नाही, पण जवळजवळ रिकाम्या मैदानात खेळपट्टीपर्यंत ऐकू गेलं, "दॅट्स हर डॅड, मेट. व्हॉट डिड यू एक्स्पेक्ट?"

उल्हासचे कान तापले. तो क्षणात नागपूरच्या नोटीस बोर्डापाशी जाऊन उभा राहिला. या वेळी मागे वळून बघता येत नव्हतं, कारण गोलंदाज धावत येत होती.

बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर होता. नीरजाने पुढे पाऊल टाकून बॅट आणली. बॅटचं टोक जमिनीला घासलं, टक आवाज झाला, पांढरी धूळ उडाली, आणि बॉल बॅटच्या कडेपासून दोन बोटांवरून कीपरकडे गेला. मधली फट उल्हासने पाहिली. धूळ पाहिली. आवाज कशाचा होता ते त्याला कळलं. सगळ्या अकराजणी ओरडल्या, आणि शंका असेल तर फायदा फलंदाजाला हा नियम ज्याने महिनाभर पाठ केला होता, आणि ज्याला इथे शंकासुद्धा नव्हती, त्या माणसाने बोट वर केलं.

नीरजाने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. चिडून नाही. कोड्यात पडल्यासारखी. मग तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, बॅट काखेत घातली आणि चालायला लागली. खुर्चीतला माणूस म्हणाला, "फेअर प्ले टू हिम." उल्हासला, खोटं कशाला बोला, त्या घटकेला बरं वाटलं. पुढचे काही महिने त्याला सगळ्यात जास्त कशाची लाज वाटली असेल तर त्या बरं वाटण्याची.

संध्याकाळी नागपूरहून फोन आला.

"पाहिलं मी," आजोबा म्हणाले. "खालून धूळ उडाली रे. बॅट जमिनीला लागली ना?"

"नाही बाबा. निक होती, बॅटची कड लागली. मला तिथून साफ ऐकू आलं."

"बरं. तू जवळ होता. तुला जास्त माहीत," आजोबा म्हणाले, आणि सरिताला फोन द्यायला सांगितला.

दहा दिवसांनी यादी आली. नीरजाचं नाव नव्हतं. बारावर असताना जिचा सोपा झेल सुटला होता आणि जिने मग साठ केले, ती निवडली गेली. सरिता दिवसभर धुसफुसत होती, यादी करणाऱ्यांना नावं ठेवत होती. नीरजा म्हणाली, "इट्स फाइन, मम्मी. थर्टीवन इज थर्टीवन." उल्हास सिंकपाशी उभा राहून धुतलेली भांडी पुन्हा धूत होता.

त्याला वाटलं होतं, पोर दोन आठवडे रडेल आणि सावरेल. ती रडलीच नाही. तिच्या खेळात मात्र काहीतरी बिघडलं. ऑफ स्टंपच्या बाहेरचा बॉल आला की बॅट अर्ध्यावर थांबायची. चार, शून्य, अकरा. फेब्रुवारीतल्या एका सामन्यात उल्हास कुंपणाबाहेर होता. बॉल कीपरकडे गेला, अपील अर्धवट झालं, पंच हललाही नाही, आणि नीरजा चालायला लागली. कीपरच हसून म्हणाली, "यू डिडन्ट हिट इट, लव्ह." नीरजा मध्येच थांबली. मागे जावं की पुढे, तिला कळेना. मैदानाच्या मध्यभागी ती क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग तंबूकडे गेली.

गाडीत उल्हासने विचारलं, "का गेलीस?"

"हात म्हणाले लागली नाही," ती म्हणाली. "सो आय फिगर्ड लागली असेल."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. गाडी स्टॉपच्या पाटीपाशी पुरती थांबली होती, मागे कुणी नव्हतं, तोंड उघडायला भरपूर वेळ होता. त्याने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं, आणि गाडी पुढे घेतली.

जूनच्या शेवटी मोठा लॉकडाऊन लागला. त्यांचा भाग जास्त धोक्याच्या यादीत होता. घरापासून पाच किलोमीटरची हद्द, वर हेलिकॉप्टरची घरघर, आणि रोज अकराला टीव्हीवर रुग्णांचे आकडे. सरिता वृद्धाश्रमात काम करायची, तिला जावं लागे. बाप-लेक घरात. उल्हास हॉलमध्ये टेबल टाकून काम करायचा, आणि भिंतीपलीकडच्या गॅरेजमध्ये नीरजा मोज्यात बॉल घालून तो छताला टांगून मारत राहायची. टक. टक. टक. मीटिंगमध्ये असताना उल्हास मोजायचा नाही असं ठरवायचा आणि मोजत बसायचा.

अशात क्लबची प्रेझेंटेशन नाइट आली. दोनदा पुढे ढकलली गेलेली ती रात्र शेवटी जुलैतल्या एका शनिवारी दुपारी झूमवर झाली. सरिता टीव्हीला लॅपटॉप जोडून समोसे घेऊन बसली होती. बक्षिसं झाली, आणि शेवटी प्रेसिडेंट म्हणाले की यंदाचं खिलाडूवृत्तीचं सर्टिफिकेट एका अशा माणसाला, ज्याने निवड सामन्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, स्वतःच्या मुलीला आऊट दिलं. पडद्यावरच्या चौकोनांत लोक टाळ्या वाजवायला लागले. काहींचे माइक बंद होते, तरी हात हलताना दिसत होते. सरिताला हुंदका आला. नीरजाने बापाच्या पाठीवर थाप मारली. "प्राउड ऑफ यू, पप्पा."

उल्हासने आपला माइक चालू केला. सांगता आलं असतं. चाळीस माणसं होती, एक वाक्य पुरलं असतं. त्याने ते वाक्य मनात जुळवलंही होतं. पण तोंडातून निघालं ते "थँक यू. थँक यू, एव्हरीवन." आणि त्याने माइक बंद केला.

सेक्रेटरी फ्रेम केलेलं सर्टिफिकेट दारात ठेवून, बेल वाजवून, दोन पावलं मागे सरकून हात हलवून गेला. सरिताने ते हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलं. नेमकं उल्हासच्या खुर्चीच्या मागे. म्हणजे ऑफिसच्या प्रत्येक कॉलवर ते सगळ्यांना दिसणार होतं. "असू द्या ना," ती म्हणाली, "लोकांना कळू दे कसा माणूस आहे." लोक विचारायचे. उल्हास म्हणायचा, "काही नाही, क्लबचं आहे." लोकांना तो विनयशील वाटायचा. तो खुर्चीत बसायला जाताना फोटोकडे बघेनासा झाला. तोंड चुकवून, सावकारासमोरून जावं तसा, स्वतःच्याच हॉलमध्ये वावरायचा. क्लबने जपून ठेवलेला तो व्हिडिओ त्याने सतरा वेळा पाहिला, की कदाचित आपण चुकलो असू, कदाचित कड लागलीही असेल. सतराही वेळा धूळ उडाली.

ऑगस्टच्या मध्यात गॅरेजमधला आवाज बंद झाला. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, कॉलेजचा अभ्यास असेल. पाचव्या दिवशी तो कॉल अर्धवट सोडून उठला.

गॅरेजचं मोठं दार वर होतं. नीरजाने तिची किट बॅग उघडून सगळं ड्राइव्हवेवर मांडलं होतं. पॅड, हेल्मेट, तीन बॅटी. जंतुनाशक वाइप्सनी ती एकेक वस्तू पुसत होती.

"हे काय?"

"मानसीला देतेय. क्लबमधली ती लहान. तिची आई चारला येईल, गाडीतूनच घेऊन जाईल. कॉन्टॅक्टलेस."

"आणि तू?"

"आय एम डन, पप्पा." तिने खांदे उडवले. "मला निक झालेली कळत नाही. ओपनरला निक कळत नसेल तर काय अर्थ आहे? जानेवारीत माझी खात्री होती की लागली नाही. हंड्रेड पर्सेंट. आणि तू आऊट दिलंस. मग मला कळलं की माझे हात खोटं बोलतात."

"नीरू, अंपायरचं चुकू शकतं."

"सगळ्यांचं चुकू शकतं. तुझं नाही." ती हे कौतुकाने म्हणत नव्हती. फ्रिज किचनमध्ये आहे, असं सांगावं तसं म्हणत होती. "टीममधल्या सगळ्या म्हणत होत्या व्हिडिओ बघ. मी नाही पाहिला. मी म्हटलं, माय डॅड डझन्ट गेट इट राँग."

उल्हास ड्राइव्हवेच्या कडेवर बसला. समोरच्या घराच्या खिडकीत कुणाचं तरी मूल नाक लावून बघत होतं.

"लागली नव्हती," तो म्हणाला. "बॅट जमिनीला लागली. मी पाहिलं होतं."

"नंतर? व्हिडिओत?"

"तेव्हाच."

तिचा हात हेल्मेटवर थांबला. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. खुर्चीतला माणूस. तो काय म्हणाला ते. मग नोटीस बोर्ड, सरकारचे जावई, आजोबांचं ते वाक्य. सांगताना त्याला जाणवलं की ही सगळी गोष्ट खरी आहे, त्यातलं दुःखही खरं आहे, आणि तरीही ती मुलीपुढे ठेवताना ती सबबीसारखी वाटतेय. तो मध्येच थांबला.

"कुणी म्हणू नये, की बापामुळे संघात आली," तो कसाबसा म्हणाला.

नीरजाने खिशातून फोन काढला आणि गॅरेजच्या आत, वॉशिंग मशीनपाशी जाऊन उभी राहिली. तिचं पाठमोरं डोकं वाकलेलं त्याला दिसत होतं. फोनमधून अकराजणींची ओरड बारीक ऐकू आली. मग पुन्हा. मग पुन्हा.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"त्या माणसाचं नाव काय?"

"कुठल्या?"

"खुर्चीतल्या."

"माहीत नाही."

"नावसुद्धा माहीत नाही तुला." तिचा आवाज चिरकला. "त्याला काय वाटेल ते तुला माझ्यापेक्षा महत्त्वाचं होतं. नोटीस बोर्डवाल्याचं मला वाईट वाटतं, पप्पा. खरंच. बट आय वॉजन्ट हिम. मी काय केलं होतं तुला? सात महिने मी माझ्या हातांना शिव्या देतेय आणि तू भिंतीपलीकडे बसून ऐकत होतास."

त्याने सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. "नको. आत्ता नको." मग तिने पॅड, हेल्मेट, बॅटी एकेक करून बॅगेत कोंबल्या आणि बॅग फरफटत आत नेली. "मानसीच्या आईला तू फोन कर," ती म्हणाली. "आणि काय झालं ते खरं सांग."

त्याने केला. संध्याकाळी सरिताला सांगितलं. त्या रात्री ती नीरजाच्या खोलीत झोपली. दुसऱ्या दिवशी नागपूरला फोन लावला आणि बाबांना सांगितलं की तुमची धूळ बरोबर होती, मी खोटं बोललो. "मला कळलं होतं रे," दीनानाथ म्हणाले. "पण तुला ते मीच शिकवलं होतं. कोणत्या तोंडानं बोलू?" उल्हासला वाटलं होतं, ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग त्याने क्लबला ईमेल लिहिला. चार ओळींचा, काही न लपवता. सर्टिफिकेट परत करतो, असंही लिहिलं. तासाभरात प्रेसिडेंटचं उत्तर आलं. नो वरीज, मेट, असं होतं कधी कधी. इतका प्रांजळपणा आजकाल कुठे बघायला मिळतो! म्हणूनच तर तुम्हाला ते दिलं. ठेवून घ्या.

उल्हासने ते उत्तर तीनदा वाचलं. या शरमेतूनही पुन्हा त्याचीच वाहवा निघत होती. तो उठला, खुर्चीवर चढला आणि फ्रेम खिळ्यावरून काढली.

"लाव ते परत," मागून नीरजा म्हणाली.

"नीरू, मला सहन होत नाही."

"मला माहीत आहे." ती दारात उभी होती, हातात टोस्ट घेऊन. पाच दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती. "पण मला ते तिथे हवंय. कुणी विचारलं तर क्लबचं आहे म्हणायचं नाही. कशाचं आहे ते सांगायचं."

त्याने फ्रेम परत लावली. ती जराशी तिरपी लागली. सरळ करायचा धीर त्याला झाला नाही.

ऑक्टोबरात निर्बंध सैल व्हायला लागले. नीरजाने क्लबला कळवलं की यंदा दुसऱ्या संघात खेळेन. राज्याच्या संघाचं वय उलटून गेलं होतं. बापाशी ती गरजेपुरतं बोलायची. जेवायला ये, गाडीची किल्ली कुठाय, असं. सामन्याला सोडायला येऊ का, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, "ट्रेनने जाईन." त्याने पुन्हा विचारलं नाही.

एका मंगळवारी पुण्याहून नव्याने आलेल्या हृषिकेशबरोबर त्याची पहिली मीटिंग होती. आणखी तिघं होते. सिग्नलची आकृती पडद्यावर होती, आणि हृषिकेश बोलता बोलता अडखळला.

"सर, बॅकग्राउंडला काहीतरी ठोकल्यासारखं येतंय. तुमच्याकडून आहे का?"

उल्हासने कान दिला. टक. टक. किती दिवसांनी. त्याचा हात म्यूटच्या बटणाकडे गेला आणि मागे आला.

"माझी मुलगी आहे," तो म्हणाला. "गॅरेजमध्ये बॅटिंग करतेय."

"अरे वा! क्रिकेट खेळते?" हृषिकेश पडद्यावर पुढे वाकला. "म्हणजे ते मागचं सर्टिफिकेट तिचंच का?"

"नाही," उल्हास म्हणाला. "ते माझं आहे."

"कशाबद्दल, सर?"

बाकीचे तिघंही आता त्याच्याकडे बघत होते. भिंतीपलीकडचा आवाज थांबला होता. गॅरेजमधून हॉलमधलं बोलणं ऐकू येतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"ती आऊट नव्हती," उल्हास म्हणाला, "आणि ते मला माहीत होतं. तरी मी दिलं, त्याबद्दल आहे ते."

हृषिकेशने घसा खाकरला आणि आकृतीचं पुढचं पान उघडलं. बऱ्याच वेळाने पलीकडे पुन्हा बॉल लागला.